बोगीचे बोगीकर

“बी, ओ, जी, आय, ई,” अण्णा टेबलावर वाकून एकेक अक्षर बोटांवर मोजत सांगत होते. “बोगी. मिस्टर विल्यम बोगी. रेल्वेत होते.”

टेबलापलीकडच्या मिस आयलीन हसल्या. “मिस्टर बोगीकर, हे आपण मंगळवारी पाहिलं. गुरुवारीही पाहिलं.”

“मग आज शनिवारी तिसऱ्यांदा पाहू. चाक तीनदा ठोकून बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नसे.”

मी शेजारच्या खुर्चीत चुळबुळत बसले होते. हे १९९८ सालचं. माझा नवरा प्रदीप तेव्हा स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला तेलाच्या कंपनीत होता आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांना दाखवायच्या ठिकाणांची मी भलीमोठी यादी केली होती. किल्ले, समुद्र, दीपगृह, राणीचा बंगला. अण्णांनी ती यादी चष्मा लावून नीट वाचली, घडी करून खिशात टाकली आणि म्हणाले, “छान आहे. आधी माझं एक काम करून टाकू.”

त्यांचं काम म्हणजे हे. जुन्या घराण्यांचा माग काढून देणारं एक मंडळ गावातल्या दोन खोल्यांत चालायचं. कामावर सगळी निवृत्त माणसं, हौसेने आलेली. मिस आयलीन पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी अण्णांसाठी जन्ममृत्यूच्या नोंदी, शिरगणतीच्या याद्या, सगळं उपसून काढलं होतं. बोगी आडनावाची माणसं त्यांना सापडलीही होती, पण ती सगळी दक्षिणेकडची. त्यातला एक विल्यम विणकर होता, दुसरा दोन वर्षांचा होऊन वारला होता. हिंदुस्थानात रेल्वेवर गेलेला एकही नव्हता.

“नसेलच असं कोणी,” मी मराठीत पुटपुटले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण पाहिलं.

आता हे बोगी प्रकरण काय ते सांगितलं पाहिजे. आम्ही इगतपुरीचे. अण्णांचे पणजोबा विल्यम नावाचे गोरे साहेब होते, घाटात रेल्वे आली त्या काळात कामावर आलेले, असं आमच्या घरात सांगत. त्यांनी इथल्याच एका बाईशी लग्न केलं, त्यांना एक मुलगा झाला आणि मुलगा चार वर्षांचा असताना पटकीच्या साथीत साहेब गेले. मुलाचं नाव जॉन, त्याचा गावाने जानू केला. हे झालं आमच्या घरातलं. गावातलं निराळं होतं. गाव म्हणे, कसला साहेब आणि कसलं लग्न. त्या बाईला आगगाडीच्या बोगीत टाकून दिलेलं गोरं पोर सापडलं, म्हणून हे बोगीकर. याहून वाईटही म्हणत. सापडलं कशाला, तिचंच असेल, बापाचा पत्ता नसेल, म्हणून बोगीचं नाव पुढे केलं. हे मात्र आमच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, पाठ फिरली की म्हणत.

त्यात अण्णांचं नशीब असं की नोकरीही मिळाली ती रेल्वेत, डबे तपासायची. हातोडी घेऊन गाडीखाली वाकायचं आणि चाकं ठोकत जायचं. अण्णांचे जन्माचे मित्र खैरनार गार्ड रोज सकाळी फलाटावरून ओरडायचे, “काय बोगीकर, सापडलं का कोणी नातेवाईक खाली?” सगळं स्टेशन हसायचं. अण्णाही हसायचे. पण घरी आल्यावर आईला समजावून सांगायचे, जणू तीच ओरडली होती: “अगं, बोगी म्हणजे डबा नव्हेच. डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा म्हणजे बोगी. आणि माझे आजोबा जन्मले तेव्हा तसले डबे इगतपुरीला आलेही नव्हते! मग ते बोगीत सापडतील कसे? नाव रेल्वेचं असूच शकत नाही. मी पस्तीस वर्षं बोग्या तपासतोय, मला कळत नाही?”

आई म्हणायची, “मला पटलं हो. जेवून घ्या.”

मला मात्र पटलं नव्हतं. शाळेत मुली मला ‘फर्स्ट क्लास की थर्ड क्लास’ म्हणून चिडवायच्या, त्यातच मी वाढले. माझं लग्न झालं आणि मी बोगीकरची देवरे झाले, तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं होतं. ते मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तर त्या शनिवारी मिस आयलीन वह्या मिटून म्हणाल्या, “मला वाईट वाटतं, पण आता आणखी कुठे पाहावं ते सुचत नाही. निदान आमच्या वहीत तुमचं नाव तरी नीट लिहून जा. पुढेमागे काही सापडलं तर कळवीन.”

अण्णांनी ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं. गजानन हरी बोगीकर. बाईंनी ते वाचलं आणि सहज विचारलं, “हे शेवटी ‘कर’ काय आहे? मी आठवडाभर ते सोडूनच शोधतेय.”

अण्णा छत्री शोधत होते, म्हणून उत्तर मी दिलं. खरं तर मला घरी जायची घाई झाली होती. “काही विशेष नाही. आमच्याकडे तशी पद्धत आहे. कोणी चिपळूणचा असला की चिपळूणकर. सिन्नरचा असला की सिन्नरकर. गावाच्या नावाला आम्ही…”

आणि मी मध्येच थांबले.

अण्णाही छत्री हातात धरून तसेच उभे राहिले. मग अण्णांनी हातातली छत्री टेबलावर आपटली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“कुंदे! अगं, माणसाला कोणी ‘कर’ लावतं का?”

“नाही लावत, अण्णा.”

“विल्यमला लावला असता तर आपण विल्यमकर झालो असतो! ‘कर’ लागतो गावाला! शेंबड्या पोराला कळतं हे! शंभर वर्षं आपण हे आडनाव लावतोय, दारावर पाटी आहे, आणि आपल्याला कळू नये?” ते खाली बसले, परत उठले. “आडनाव नाहीच ते. गाव आहे. बोगी हे गाव आहे!”

मिस आयलीनना एक अक्षर कळलं नव्हतं, पण काहीतरी घडलंय हे कळलं होतं. मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“गाव नाही,” त्या म्हणाल्या. “शेत. आमच्या या भागात शेतकऱ्याच्या मुलाला ‘कुठला रे तू’ विचारलं तर तो गाव नाही सांगत, शेताचं नाव सांगतो. इथे प्रत्येक शेताला नाव असतं. घर, गोठा, जमीन, सगळ्याला मिळून एकच. मी मूर्खासारखी माणसांच्या याद्या पाहत बसले. भूगोलाची शिक्षिका असून!”

“आम्ही बोगीकर असून!” अण्णा म्हणाले आणि दोघं म्हातारी पोटभर हसली.

मग मोठाले नकाशे टेबलावर आले. बाई भिंगातून बघत होत्या, अण्णा त्यांच्या खांद्यावरून. त्या नावाशी जुळणारी शेतं तीन निघाली. एकावर आता सरकारी जंगल होतं. दुसऱ्याचं नाव बोगीहिल. तिसरं नुसतंच बोगी, ॲबर्डीनहून तासाभराच्या वाटेवर, दोन टेकड्यांच्या मध्ये. बाईंनी तिन्ही ठिकाणं कागदावर काढून दिली आणि निरोप देताना म्हणाल्या, “जागा सापडली म्हणजे माणूस सापडला असं नाही, मिस्टर बोगीकर. एवढं लक्षात ठेवा.”

“माणूस होता हे मला माहीत आहे, मॅडम,” अण्णा म्हणाले. “इतरांना दाखवायचाय.”

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रदीपला समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर पाळी होती, म्हणून गाडी मीच काढली. अण्णांनी कोट घातला, टाय बांधला, केसांना तेल लावलं. सोयरिकीला निघाल्यासारखे दिसत होते. गाडीत बसून पट्टा लावला आणि म्हणाले, “लाइन क्लिअर.”

बोगीहिलला एक दातांचे डॉक्टर राहत होते. घर त्यांनीच बांधलेलं, वीस वर्षांपूर्वी. माणूस भला, पण त्याला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही त्याचे गुलाब पाहून निघालो. बराच वेळ दोन्ही बाजूंना मेंढ्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

“कुंदे,” अण्णा एकदम म्हणाले, “तुझं लग्न झालं तेव्हा आडनाव सुटलं म्हणून तुला बरं वाटलं होतं ना?”

मी उगाचच आरशात पाहिलं. “असं का म्हणता?”

“लग्नाच्या नोंदीत तू देवरे लिहिलंस ना, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तुझा चेहरा पाहिला मी. चूक नाही तुझी. मुलीला आपल्या घरातल्या बाईची लाज वाटावी अशी गोष्ट गावाने रचली, त्याला तू काय करणार.” ते खिडकीतून बघत बोलत होते. “मला त्या साहेबाचं काही नाही गं. त्याची जमीनही नको आणि नातंही नको. पण ती माझी पणजी. चार वर्षांचं पोर घेऊन लोको शेडच्या मागे एका खोलीत राहिली, कोळसा वेचून त्याला वाढवलं. लग्नाची बायको होती ती. शंभर वर्षं लोक तिला काय काय म्हणतात! एकदा कोणीतरी हे मिटवलं पाहिजे ना? माझ्यामागे कोण मिटवणार? तू तर देवरे झालीस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता दिसेना, म्हणून गाडी हळू केली. अण्णांना वाटलं, वळण आलं.

वळण खरंच आलं होतं. लाकडी फाटक, आत करड्या दगडांचं लांबट घर, समोर फरसबंद अंगण आणि चिखलाने माखलेला ट्रॅक्टर. निळा डगला घातलेला, पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा एक माणूस ट्रॅक्टरखालून बाहेर आला. मी काच खाली करून विचारलं, “माफ करा, हेच बोगी का?”

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

“नाही, आम्ही जागा विचारतोय.”

“जागाही बोगीच. मीही बोगीच. काय हवंय?”

अण्णांनी एवढंच ऐकलं. पट्टा सोडून ते गाडीतून असे उतरले की मला त्यांचं वय विसरायला झालं. तरातरा जाऊन त्यांनी त्या माणसाचे दोन्ही हात, ग्रीससकट, आपल्या हातात घेतले. “मीसुद्धा बोगी! इंडियातून आलोय! तुम्ही बोगी, मी बोगी! आपण भाऊ!”

माणूस बिचारा पार गोंधळला. पण त्याने हात काढून घेतले नाहीत. अण्णांचा चेहरा असा फुलला होता की कोणाचीही छाती झाली नसती. शेवटी मी खाली उतरून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, “आईला विचारलेलं बरं. आत या. पण बूट पुसा, नाहीतर ती मला बोलेल.”

आईचं वय ऐंशीच्या पुढे. चुलीसारख्या मोठ्या शेगडीजवळ खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर गोधडी. तिचं इंग्रजी मला जेमतेम कळत होतं. अण्णा माझ्या कानात म्हणाले, “ही यांची अहिराणी दिसते.” पण गंमत अशी की अण्णांचं रेल्वेचं इंग्रजी तिला आणि तिची अहिराणी अण्णांना, दोघांना सगळं व्यवस्थित कळत होतं.

“भाऊबिऊ काही नाही बरं,” तिने आधी तेच सांगून टाकलं. “आमचं आडनाव लो. याचं नाव सँडी. याच्या आजाने एकवीस साली हे शेत खंडाने घेतलं. पण इथली रीतच अशी, जो ज्या शेतावर, त्याला त्या शेताच्या नावाने हाक. माझा नवरा चाळीस वर्षं बोगी होता. तो गेला, दुसऱ्या दिवसापासून हा बोगी. पोस्टमनसुद्धा सँडी म्हणत नाही. उद्या हा शेत सोडून गेला तर जो कोणी येईल तो बोगी.”

अण्णांचा चेहरा उतरला. हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“म्हणजे नाव माणसाचं नाहीच?”

“छे. जमिनीचं. माणसं आपली येऊन जाऊन असतात.”

अण्णांनी गार होत आलेल्या चहाचा एक घोट घेतला. मग त्यांच्या मिशा हलल्या. “बाई, आमच्याकडे नेमकं उलटं आहे. सिन्नरात राहणाऱ्याला सिन्नरकर कोणी म्हणत नाही. तो सिन्नर सोडून दुसरीकडे गेला की मग सिन्नरकर होतो. तुमच्याकडे राहील त्याचं नाव, आमच्याकडे सोडील त्याचं.”

म्हातारीने विचार केला. “म्हणजे तुमचा माणूस इथे होता तोवर त्याला बोगी म्हणत नसणार. तेव्हा त्याचा बाप बोगी असणार. पोराला ते नाव मिळालं ते तुमच्या गावात जाऊन.”

“बरोबर!” अण्णा म्हणाले. “आम्ही दिलं!”

यावर म्हातारी खूश झाली. तिने अण्णांच्या पुढ्यात बिस्किटांचा डबा सरकवला. पण ड्यूटीवरच्या अण्णांना बिस्किटं गोड लागेनात. “लोंच्या आधी इथे कोण होतं?”

“मिल्न. त्यांच्या आधी कोण, ते मला ठाऊक नाही. पण टेकडीपलीकडे पडक्या चर्चचं आवार आहे. बोगीचे सगळे बोगी तिथेच आहेत. माझाही तिथेच आहे. सँडी, यांना घेऊन जा. दगड वाचा म्हणावं. माझे गुडघे असते तर मीच आले असते.”

आम्ही सँडीच्या गाडीत, त्याच्या कुत्र्याशेजारी बसून गेलो. आवाराला छातीएवढी दगडी भिंत होती, आत गवत आणि शे-सव्वाशे उभे दगड. काही कललेले, काही शेवाळाने हिरवे झालेले. सँडीने आधी आपल्या वडिलांच्या दगडापाशी टोपी काढली. मग म्हणाला, “प्रत्येकावर शेताचं नाव असतं. त्यावरून बघा.”

अण्णांनी काम वाटून दिलं. उजवी ओळ माझी, डावी त्यांची, भिंतीलगतची सँडीची. कोटाची बटणं सोडून ते एकेका दगडापुढे वाकायचे, बोटांच्या पेरांनी ठकठक करायचे आणि पुढे जायचे. ठकठक कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पस्तीस वर्षांची सवय. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माझ्या ओळीत एकही बोगी नव्हता. मला भीती वाटायला लागली, आणि या खेपेला ती अण्णांसाठी नव्हती, माझी स्वतःची होती. काही सापडू नये म्हणून कधीकाळी नवस बोलले असते अशी मी मुलगी, आता गुडघ्यांवर बसून गवत उपटत होते.

“इथे आहे एक बोगी!” भिंतीकडून सँडी ओरडला. “जुना दिसतो!”

आम्ही धावलो. दगड उंच होता, वरची अक्षरं स्वच्छ. मी मोठ्याने वाचायला लागले आणि अण्णांसाठी मराठीतही सांगत गेले. “जेम्स ड्यूगिड. बोगी इथले शेतकरी. त्यांच्या स्मरणार्थ. आणि त्यांची पत्नी एल्स्पेट रीड.”

“पत्नीचं आडनाव वेगळं?” अण्णांनी विचारलं.

“आमच्याकडे दगडावर बाईला तिच्या स्वतःच्या नावानेच लिहितात,” सँडी म्हणाला. “नवऱ्याच्या नावाखाली पुरत नाहीत.”

“पुढे वाच.”

“आणि त्यांची मुलं. जेम्स, लहानपणीच वारला. इसोबेल. अलेक्झांडर…” त्याखाली शेवाळ होतं. सँडीने मूठभर ओलं गवत घेऊन हळूहळू घासलं. अण्णांनी आपला इस्त्रीचा रुमाल काढला आणि तेही घासायला लागले. आधी एक डब्ल्यू दिसला. मग सगळं नाव दिसलं. मग सगळ्यात खालची ओळ.

“विल्यम,” मी वाचलं. “मृत्यू… ई, जी, यू, टी, पी, डबल ओ, आर, ए…”

“इगतपुरी,” अण्णा म्हणाले. “जुनं स्पेलिंग आहे. गोदामातल्या जुन्या पाट्यांवर मी पाहिलंय. साल?”

“अठराशे शहात्तर.”

अण्णांनी मान हलवली. साल त्यांना पाठच होतं. मधल्या ओळीत अजून काहीतरी होतं, नाव आणि गाव यांच्यामध्ये. सँडीने वाकून ते वाचलं आणि बुचकळ्यात पडला.

“‘विल्यम, टूल्साचा नवरा.’ टल्सा? ते अमेरिकेतलं शहर ना? हा अमेरिकेलाही गेला होता की काय?”

मलाही आधी कळलं नाही. टी, डबल ओ, एल, एस, ए. मी परत परत तीच अक्षरं वाचत होते. अण्णा मात्र हळूच गवतात बसले, नव्या पँटीची पर्वा न करता. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सरकत शेवटपर्यंत नेलं.

“टूल्सा नाही, बाबा,” ते सँडीला मराठीतच म्हणाले. “तुळसा.”

पणजीचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिला सगळं गाव बोगीकरीण म्हणायचं. तिचा मुलगा तिला आई म्हणायचा, सुना सासूबाई म्हणायच्या, आणि सांगणारी माणसं संपली तेव्हा तिचं नावही संपलं. पण तिच्या नवऱ्याने कधीतरी घरी पत्र लिहिलं असणार. माझी बायको, तुळसा. आणि ही थंड प्रदेशातली, तिला कधी न पाहिलेली माणसं, मुलगा गेल्यावर त्याच्या नावापुढे काय कोरायचं याचा विचार करायला बसली असणार. रेल्वे कामगार असं नाही कोरलं. बोगीचा मुलगा असंही नाही. तुळसाचा नवरा, एवढंच कोरलं.

मी अण्णांशेजारी बसले आणि रडले. मला लाज वाटली नाही आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. अण्णा रडत नव्हते. ते त्या दगडाकडे बघत नुसते हसत होते, लहान मुलासारखे. सँडी कुत्र्याला घेऊन लांब भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

“काय करायचं मग?” बऱ्याच वेळाने मी डोळे पुसून विचारलं. “खरं आडनाव तर ड्यूगिड निघालं. बदलायचं का?”

“छे गं. ड्यूगिडकर म्हणे!” अण्णांनी माझ्या डोक्यात टपली मारली. “सोडून आलेल्याचं नाव बोगीकरच. तेच बरोबर आहे. तेच तिने लावलं.”

मी दगडाचे चार फोटो काढले. अण्णांनी रुमालाने ती एक ओळ पुन्हा पुसून काढली, इतकी की बाकीच्या दगडाहून ती वेगळी दिसायला लागली. मग सँडीचा हात धरून उठले.

परत आलो तेव्हा म्हातारी खिडकीकडे तोंड करून आमची वाटच बघत बसली होती. टेबलावर पाच-सहा जणांना पुरेल एवढं खायला मांडलं होतं. मी अण्णांचा कोट झटकत होते. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “ही कोण? हिचं नाव सांगितलंच नाही कोणी.”

“कुंदा,” मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबावंसं वाटेना. “कुंदा बोगीकर.”

अण्णांनी चटकन माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. आता त्यांनी बिस्किटांच्या डब्यात हात घातला, एक तोंडात टाकलं, दुसरं हातात घेतलं.

“मग?” म्हातारीने त्यांना विचारलं. “सापडला का तुमचा माणूस?”

अण्णांनी तोंडातलं बिस्किट संपवलं. घाई कसली होती त्यांना.

“माणूस हरवलाच नव्हता, बाई,” ते म्हणाले. “त्याची बायको हरवली होती. ती सापडली.”